सिंधूआत्याची टक्कर

"मोजे नसतील तर आत सोडता येणार नाही, काका," काउंटरवरच्या मुलीनं पुन्हा एकदा सांगितलं.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही हा नियम मीच केला होता. "चारू, मे महिना आहे. नागपूर आहे. बाहेर डांबर पाघळून राहिलं, अन् हे मला मोजे घालायला सांगून राहिले."

"बाबा, सगळ्यांनाच घालावे लागतात. खाली रबराचे ठिपके असतात. पळताना घसरू नये म्हणून."

"मला पळायचंच नाही. मी एका खुर्चीवर बसणार."

"खुर्चीवर बसायलाही मोजे लागतात, काका," मुलगी म्हणाली.

माझ्या डाव्या हाताला जुई लोंबकळत होती. सात वर्षांची माझी लेक. तिला काचेतून आतला रंगीत चेंडूंचा हौद दिसला होता आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. उजवीकडे सिंधूआत्या काउंटरवर कोपर टेकून वेगळीच हुज्जत घालत होती.

"मला पिवळा पट्टा पाहिजे."

"आजी, पिवळा पट्टा खेळणाऱ्यांच्या मनगटाला बांधतात. सोबत आलेल्यांना पांढरा."

"मग मी काय सांगून राहिली? पिवळाच दे. अन् आजी कोणाला म्हणतेस? ही माझी भाची आहे."

मागे रांग वाढत चालली होती. मी सगळ्यांचे मोजे घेतले, आत्याला पिवळा पट्टा बांधायला लावला आणि बाबांना बाकावर बसवून त्यांच्या पायांत मोजे चढवले. ते मोजे जांभळे होते. त्यावरही बाबांनी दोन वाक्यं ऐकवली. मी बँकेत एक दिवसाची रजा टाकून आले होते, ती यासाठी.

ही सहल मुळात माझी नव्हतीच. आठवडाभर आधी आत्यानं फोनवर हुकूम सोडल्यासारखं सांगितलं होतं, "जुईला त्या मॉलमधल्या गेम झोनला न्यायचं. बुधवारी. सकाळी अकराला. दिगूला पण घ्यायचं."

दिगू म्हणजे माझे बाबा, दिगंबर पराते. आत्या त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. नोकरी, बाबांचं घर, मी आणि माझ्या लग्नानंतर माझी जुई, हे सगळं तिनं एकापाठोपाठ एक अंगावर घेतलं आणि कधी खाली ठेवलं नाही. निवृत्तीनंतरही जुईला शाळेतून आणायचं, जेवू घालायचं, तिची शुद्धलेखनाची वही तपासायची, आणि मी बँकेतून येईपर्यंत तिला सांभाळायचं, हे आत्याकडेच होतं. लग्न तिनं केलं नव्हतं. का केलं नाही, हे आमच्या घरात कोणी कोणाला विचारलेलं मला आठवत नाही.

"रविवारी जाऊ ना," मी म्हटलं होतं.

"रविवारी गर्दी असते."

"मग बाबा कशाला? ते कुरकुर करतील."

"ते करू दे. घेऊन ये."

आणि बुधवारी आत्या जिन्यातून उतरली ती सलवार-कुर्ता घालून. ती बासष्ट वर्षांची, पण साडी सोडून दुसऱ्या कशात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बाबा गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "हे काय सोंग?" आत्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

आत शिरताच थंड हवेचा झोत आला आणि त्यासोबत आवाजाचा लोंढा. प्रत्येक यंत्राला स्वतःचं गाणं होतं आणि प्रत्येक यंत्र दुसऱ्याला दाबायला बघत होतं. एकीकडे प्लास्टिकच्या बंदुका तडतडत होत्या, एकीकडे पोरं रबरी बेडकांच्या डोक्यावर हातोडे हाणत होती, आणि वर छताला लागून एक छोटी आगगाडी शिट्ट्या फुंकत फिरत होती. बाबांनी कानांवर हात ठेवले. मी त्यांना खाण्याच्या काउंटरजवळच्या टेबलावर बसवलं आणि लिंबू सरबत आणून दिलं.

"किती वेळ?" त्यांनी ओरडून विचारलं.

"आत्ता तर आलो, बाबा!"

"काय?"

"आत्ता आलो!"

जुई चेंडूंच्या हौदात दिसेनाशी झाली. ठीक होतं, तिच्याकडून मला तेवढीच अपेक्षा होती. पण आत्याचं मला काही समजेना. एवढं भांडून पिवळा पट्टा मिळवला आणि खेळायचं नाव नाही. बेडकांपाशी गेली, परत आली. एअर हॉकीच्या टेबलाशी उभी राहिली, दाराकडे पाहिलं, परत आली. मी म्हटलं, "आत्या, तुला पाहिजे काय नेमकं? बाथरूमला जायचंय का?"

"काहून? मी माझी पाहून राहिली."

"काय पाहते आहेस?"

"जागा चांगली आहे," ती म्हणाली आणि केस कानामागे सारले.

मला चीड आली. बाबा तिकडून हातवारे करून कॉफी मागत होते, सरबत त्यांना आंबट लागलं होतं. कॉफी घेऊन जाते तोवर जुई रडत आली. चेंडूंच्या हौदात तिच्या केसांची पिन हरवली होती. त्या हजार चेंडूंमध्ये मी पिन शोधायला गुडघ्यापर्यंत उतरले, कोणाचा तरी पोरगा माझ्या पाठीवरून घसरला, पिन मिळाली नाही, आणि बाहेर येऊन बघते तर आत्या नाही.

बाथरूममध्ये नाही. बंदुकांपाशी नाही. ट्रॅम्पोलीनवर, देवाच्या दयेनं, नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्यासोबतच तर होती. तुला एक माणूस सांभाळता येत नाही का?"

तेवढ्यात जुईनं माझी ओढणी ओढली. "मम्मा, आत्याआजी गाडी चालवून राहिली!"

पलीकडे जाळीच्या आत त्या एकमेकींवर आपटायच्या गाड्या होत्या. बंपर कार. खाली रबराची गोल पट्टी, वर एक माणूस, आणि काम एकच, दुसऱ्याला जाऊन धडकायचं. त्यात सिंधूआत्या होती. कुर्त्याच्या बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि ती निळ्या गाडीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या मागे लागली होती.

एकदा धडकली, मला वाटलं चुकून. तो गृहस्थ वळून दुसऱ्या टोकाला गेला. आत्या अर्धं वर्तुळ फिरून पुन्हा गेली आणि त्याच्या गाडीला कडेनं असा दणका दिला की त्याचा चष्मा नाकावर आला. बाकीच्या गाड्यांत शाळकरी पोरं होती, त्यांना तिनं बोटही लावलं नाही. फक्त हाच माणूस. तिसऱ्या वेळी तर ती धडकायच्या आधीच हसत होती, तोंड उघडून, डोकं मागे टाकून. असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात एवढंच आलं की एका परक्या, सभ्य दिसणाऱ्या माणसाला आमची आत्या भर दिवसा छळते आहे.

फेरी संपली. गाड्या थांबल्या. मी जाळीचं फाटक ढकलून आत गेले आणि आधी त्या गृहस्थांपाशी पोचले.

"माफ करा हं. आमच्या आत्यांनी पहिल्यांदाच चालवली. त्यांना वळवता येत नाही."

"काय?" त्यांनी मान वळवून डावा कान पुढे केला.

"वळवता येत नाही त्यांना! माफ करा!"

"कोणाला, सिंधूला?" ते म्हणाले. "चांगली येते वळवता. मुद्दाम मारून राहिली ती."

मागून आत्या आली. तिचा चेहरा लाल झाला होता, तो गाडीच्या धक्क्यांनी की कशानं कोण जाणे.

"चारू, हे गौरकार," ती म्हणाली. "चंद्रपूर एक्स्चेंजचे."

चंद्रपूर एक्स्चेंज हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले होते. ट्रंक कॉलच्या काळात नागपूरच्या ऑपरेटरला दिवसभर गावोगावच्या ऑपरेटरांशी बोलावं लागे. घरी आल्यावर आत्या कधी सांगायची, "आज चंद्रपूरवाल्यानं चांगली लाइन दिली," किंवा "चंद्रपूरवाला आज चिडला होता." मला ते एखाद्या यंत्राचं नाव वाटायचं. तो यंत्रामागचा माणूस म्हणजे हा. उंच, थोडा वाकलेला, पांढरा शर्ट नीट खोचलेला, पायांत माझ्या बाबांसारखेच जांभळे मोजे. त्याच्या बोटाला धरून जुईच्याच वयाची एक मुलगी होती. ती त्याची नात इरा. दोघी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि काही न बोलता ट्रॅम्पोलीनकडे पळाल्या.

"इतकी वर्षं फक्त आवाज ऐकला होता," आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली. "मागच्या वर्षी पेन्शनवाल्यांच्या मेळाव्यात भेट झाली. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी इथंच नागपूरला असते. ते महिन्यातून एकदा येतात." मग सरळ माझ्या डोळ्यांत बघत, "आम्ही लग्न करून राहिलो, चारू."

वरून आगगाडी शिट्टी मारत गेली. मी म्हटलं, "काय?"

"ऐकलं तू."

ऐकलं होतं. आणि ऐकताक्षणी मनात आलेली पहिली गोष्ट आनंदाची नव्हती. जुईला शाळेतून कोण आणेल, ही होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याऐवजी मी म्हटलं, "अगं पण इथं? हे सांगायला इथं? घरी बोलवायचं ना यांना, रीतसर!"

"रीतसर काय व्हायचं? दिगू त्यांना खुर्चीवर बसवणार, पाण्याचा ग्लास देणार अन् परीक्षा घेणार. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही. हेडफोन लावून लावून उजवा कान गेला. ते बिचारे काय-काय करत बसणार, अन् दिगू म्हणणार, माणूस बावळट आहे." आत्यानं श्वास घेतला. "मला वाटलं, खेळता-खेळता भेट व्हावी. माणूस खेळताना जसा असतो तसाच असतो. अन् इथं दिगू ओरडला तरी कोणाला ऐकू जाणार नाही."

"बाबांना माहीत आहे?"

"तू सांगणार आहेस."

"मी?"

पण सांगायची वेळच आली नाही. बाबा स्वतःच येत होते, हातात कॉफीचा कागदी कप. आत्याला त्या माणसाशेजारी उभी पाहून त्यांची चाल मंदावली. मी सगळ्यांना टेबलाकडे नेलं, खुर्च्या ओढल्या, आणि वरून कोसळणाऱ्या आवाजात जे सांगायचं ते सगळं चार वाक्यांत ओरडून सांगून टाकलं. दुसरा मार्ग नव्हता.

बाबांनी कप खाली ठेवला. आत्याला सोडून ते थेट गौरकारांकडे वळले.

"या वयात तुम्ही हा विचार करता, चार लोक काय म्हणतील याचा विचार केला का?"

"काय?" गौरकारांनी कान पुढे केला. पण बाबा उजवीकडे बसले होते, आणि पुढे आला तो बहिरा कान.

"लोक काय म्हणतील!"

"लोणचं?"

मी डोकं धरलं. आत्या म्हणाली, "दिगू, या बाजूला ये, त्यांना त्या कानानं..." पण बाबा आता ऐकायच्या पलीकडे गेले होते.

"तुम्ही आमच्या समाजाचे पण नाही!"

गौरकार ओशाळून हसले. "माफ करा, या गोंधळात काही समजून नाही राहिलं. जरा मोठ्यानं बोला."

बाबा उठून उभे राहिले. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. ते पुढे वाकले, छाती भरून घेतली, आणि नेमक्या त्याच क्षणी कोणाच्या तरी वाढदिवसाची घोषणा करायला तिथल्या माणसांनी सगळी गाणी बंद केली. बंदुका थांबल्या. आगगाडी थांबली. त्या लख्ख शांततेत माझ्या बाबांचा आवाज हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"मग माझं काय होईल?"

ट्रॅम्पोलीनवरची पोरंसुद्धा थांबली. माइकवाला मुलगा तोंड उघडं ठेवून आमच्याकडे बघत होता. मग त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "तर आज आपल्या रेयांशचा वाढदिवस आहे," आणि कुठल्या तरी कोपऱ्यात टाळ्या वाजू लागल्या.

बाबा तसेच उभे होते. आपण काय बोललो हे त्यांनाही तेव्हाच ऐकू आलं असावं. गौरकारांना तर पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. त्यांनी मान खाली घातली.

आत्या बोलली, पण तिच्या आवाजात राग नव्हता. एखादं राहून गेलेलं काम आठवावं तशी ती बोलली.

"हा प्रश्न माझा होता रे, दिगू. वहिनी गेली तेव्हा तू चारूला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, ताई, आता तूच बघ. तेव्हा विचारायचा होता मला. तू इतका रडून राहिला होता, की मी विचारलाच नाही."

गाणी पुन्हा सुरू झाली. बाबांनी काही उत्तर दिलं असेल तर ते आम्हाला ऐकू आलं नाही. ते वळले आणि दाराकडे चालू लागले.

आमच्या घराची एक रीत होती. बाबा चिडून उठून जायचे, आणि कोणीतरी त्यांच्या मागे जायचं. लग्नाच्या पंगतीतून, नातेवाइकांकडून, एकदा तर माझ्या साखरपुड्यातून. आधी आत्या जायची, मी मोठी झाल्यावर मी. समजूत काढून, हाताला धरून, आणायचं. त्या दिवशीही आत्या खुर्चीतून अर्धी उठली. तिचं शरीर आपोआप उठलं, तिला विचारलंच नाही.

मी तिचा हात धरला. "बस."

"अगं, ऊन आहे बाहेर. तो डोक्याला काही बांधत नाही."

"साठ वर्षांचे आहेत, आत्या. ऊन लागलं की येतील. बस तू."

ती बसली. मला दर मिनिटाला वाटत होतं की उठावं, धावत जावं, पार्किंगमध्ये गाडीच्या सावलीला ते बसले असतील, त्यांना पाणी न्यावं. मी उठले नाही. गौरकारांनी सरबताचा एक ग्लास आणला, बाबांच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि त्यावर कागद झाकला, माशी बसू नये म्हणून. मला वाटतं, मी आत्याच्या बाजूची झाले ती तेव्हा.

बाबा आले. चेहरा तांबूस, शर्ट पाठीला चिकटलेला. कोणाकडे न बघता बसले. झाकलेला ग्लास पाहिला, कागद काढला, एका दमात पिऊन टाकला. या वेळी सरबत आंबट आहे असं काही ते म्हणाले नाहीत. मग गौरकारांना उद्देशून, टेबलाकडे बघत, म्हणाले, "चंद्रपूरला म्हणे याच्यापेक्षा जास्त तापते."

"काय?"

बाबांनी एक मोठा सुस्कारा सोडला. उठले. टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि पुन्हा म्हणाले, "चंद्रपूरला जास्त तापते म्हणे."

"तापते ना. पण आमच्याकडे संध्याकाळी हवा सुटते."

"हवा इथंही सुटते."

"इथं नाही सुटत. मी मुलीकडे राहतो ना, मला माहीत आहे."

"तुम्ही कोणत्या भागात राहता त्यावर आहे ते."

त्यावरून ते पुढचा अर्धा तास भांडले. आत्या एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. शेवटी वैतागून म्हणाली, "मी चालली गाडी चालवायला," आणि खरंच गेली. जुई आणि इराला दोन बाजूंना दोन गाड्यांत बसवून तिनं तिकडे जो धुडगूस घातला तो आम्ही जाळीतून पाहिला.

या गोष्टीला आता नऊ वर्षं होत आली. डिसेंबरात त्यांचं लग्न नोंदलं गेलं आणि आत्या चंद्रपूरला गेली. पुढचे काही महिने वाईट गेले, खोटं कशाला सांगू. जुईसाठी पाळणाघर शोधलं, ते तिला आवडलं नाही, दुसरं शोधलं. बाबांनी दोन पातेली जाळली आणि गॅसच्या शेगडीला दोष दिला. रोज संध्याकाळी माझ्याकडे जेवायला यायचे, वरणात मीठ कमी आहे सांगायचे आणि जायचे. एका दिवाळीला आत्यानं त्यांना चार दिवसांसाठी बोलावलं. ते पंधरा दिवसांनी परत आले. मग ते नेहमीचंच झालं. पिशवी घ्यायची, सकाळची एसटी धरायची, आणि तिथं जाऊन गौरकारांशी पाणी, हवा, राजकारण, कोहळ्याचे भाव, मिळेल त्या विषयावर भांडायचं.

मागच्या आठवड्यात आत्याचा फोन आला. मागे दोन म्हाताऱ्यांचे चढलेले आवाज मला स्पष्ट ऐकू येत होते.

"चारू, तुझ्या बाबाला घेऊन जा बाप्पा. दोघं मिळून माझं डोकं खाऊन राहिले. एकाला ऐकू येत नाही, अन् दुसरा ऐकत नाही."

"शनिवारी येऊ?"

"थांब, दिगूला विचारते." फोनवर हात ठेवल्याचा आवाज. मग, "तो म्हणतो, पुढच्या शनिवारी. अन् हे म्हणतात, महिनाभर राहू दे."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी?"

"हो, तूच. त्यांचं जाऊ दे. तुला काय पाहिजे?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला आणि दोन्ही म्हातारे ऐकू येईनासे झाले.

"मला ना," सिंधूआत्या हळूच म्हणाली, "दुपारी दोन घंटे झोप पाहिजे. बाकी राहू दे दोघांना. पण हे त्यांना सांगू नको."

आणि तिनं फोन ठेवला.